पिवळ्या फुलीचं ग्रिल

रविवारी सकाळी सव्वासात वाजता मागच्या अंगणातल्या गॅस ग्रिलचं डावं चाक निखळलं. ग्रिल एका अंगावर कललं, त्याचं झाकण जांभई दिल्यासारखं उघडलं आणि धाडकन मिटलं. जीवितहानी झाली नाही. ग्रिलला त्या वेळी कोणीही हात लावलेला नव्हता; गेल्या कित्येक वर्षांत फारसा कोणी लावलाच नव्हता.

घरमालक चहाचा कप घेऊन खिडकीशी उभे होते. गृहस्थ विमा कंपनीत सर्व्हेअर. अपघातात चेपलेल्या गाड्या बघायच्या आणि दुरुस्त करायच्या की भंगारात काढायच्या ते सांगायचं, हे त्यांचं काम. घरचे, शेजारचे, सगळे त्यांना साहेबच म्हणत. साहेबांचा नियम एकच होता. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीच्या निम्म्यापुढे गेला की टोटल लॉस. मग मालक रडो, हातापाया पडो, ‘याच गाडीतून बायकोला घरी आणलं होतं हो’ म्हणून गळा काढो. साहेब गाडीभोवती एक चक्कर मारत, टॉर्च बंद करत आणि म्हणत, “आठवणींचा विमा नसतो.”

“पडलं का एकदाचं?” आतून बायकोचा आवाज आला.

“पडलं नाही. कललंय.”

“कलणं ही पडण्याचीच सुरुवात असते. आता तरी काढा ते. माझी खुर्ची ठेवता येईल तिथे.”

खुर्चीचं प्रकरण जुनं होतं. डॉक्टरांनी बायकोला सकाळच्या उन्हात गुडघे शेकायला सांगितलं होतं आणि या घरात सकाळचं ऊन फक्त त्याच कोपऱ्यात उतरत असे. हातभर रुंद, सोनेरी, अर्धा-पाऊण तास टिकणारं. ते दररोज येऊन ग्रिलच्या पाठीवर पडे आणि निघून जाई. तिची वेताची आरामखुर्ची मात्र आतल्या बोळात उभी होती. येणाऱ्या-जाणाऱ्याची करंगळी तिच्यावर आपटे, आणि तो आधी खुर्चीला, मग ग्रिलला नावं ठेवी.

साहेब अंगणात गेले. चाक उचलून त्यांनी बघितलं, पिन गेली होती, एवढंच. पण चाक हातात तसंच राहिलं आणि नजर झाकणावर गेली. साहेबांचं हे नेहमीचं होतं. त्या झाकणाखाली एक संध्याकाळ ठेवलेली आहे, अशी त्यांची समजूत होती.

तेव्हा मुलगी चौथीत होती. ग्रिल नवंकोरं होतं. वीज गेली म्हणून सगळे बाहेर आले आणि घरात जे होतं ते जाळीवर ठेवलं. बटाटे आतून कच्चे राहिले, कणसं बाहेरून कोळसा झाली. मुलगी पालथ्या बादलीवर बसून पाय हलवत होती. बायकोच्या नाकाच्या शेंड्याला काजळी लागली होती. ते कोणी तिला सांगेना, आणि सगळे का हसतात हे न कळून तीच सगळ्यांत जास्त हसली, उचकी लागेपर्यंत. निळसर धूर भिंतीवरून हळूहळू पलीकडे गेला, जणू त्यालाही निघायची घाई नव्हती. त्यानंतर ग्रिल दोन-तीनदा पेटवलं. एकदा पाहुणे आले नाहीत, एकदा साहेबांना कामावर जावं लागलं, आणि शेवटच्या वेळी ते पेटलंच नाही. मग त्याच्यावर कापड पडलं.

“मी काय म्हणतो,” साहेब चाकाशीच बोलल्यासारखे बोलले, “पुढच्या महिन्यात पोरगी येतेय. मग ती एवढ्या लांब जाणार, परत कधी येईल कोण जाणे. तोवर हे पेटलं तर?”

बायको दारात आली. तिने ग्रिलकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. “पेटलं तर कोपरा त्याचा. पुन्हा खुर्चीचं नाव काढणार नाही. पण ती येईपर्यंत पेटलं नाही तर कोपरा माझा. कबूल?”

“कबूल.”

“आणि आधी तुमचा तो नियम लावून बघा. निम्म्याचा. दुनियेला लावता ना?”

नियमाचं नाव निघाल्यावर साहेबांना रीतसर पाहणी करणं भाग होतं. त्यांनी टॉर्च आणली. चाकाला नवी पिन घालून ग्रिल सरळ उभं केलं, सिलिंडर जोडला, कळ फिरवली, काडी लावली. बर्नरच्या एका टोकाला जरासा पिवळा जीव दिसला. त्याने एक सुस्कारा सोडला आणि तो विझला.

“बर्नर गेला,” साहेबांनी निदान केलं. बर्नरची किंमत नव्या ग्रिलच्या निम्म्याहून कितीतरी कमी होती. नियमाप्रमाणे दुरुस्ती मंजूर झाली.

दुपारी मेहुणा आला. बायकोचा हा धाकटा भाऊ एका गल्लीपलीकडे राहायचा आणि चहाच्या वेळेला बरोबर उगवायचा. घरात त्याला सगळे पिपाणी म्हणत. कुठलीही नळी हाती आली की फुंकून बघायची, ही त्याची बाळपणापासूनची खोड. बागेचा पाइप, सायकलचा पंप, शाळेतल्या तासाला गुंडाळलेला नकाशा, काहीही. एकदा त्याने डॉक्टरांचा स्टेथोस्कोप फुंकला होता. डॉक्टर त्या वेळी कानात घालून बसले होते.

साहेबांनी जुना बर्नर काढून जमिनीवर ठेवला होता आणि गाडीतून पिवळ्या रंगाचा डबा आणला होता. हासुद्धा कामावरचा शिरस्ता. बदललेल्या भागावर पिवळी फुली मारायची, म्हणजे तोच भाग पुन्हा बसवून कोणी दुसऱ्यांदा विमा मागायला नको. फुली पडली की तो भाग जगातून उठला.

“भाऊजी, घरच्या ग्रिलवर कसली फुली मारताय? चोरणार कोण?”

“नियम म्हणजे नियम. आज घरी सोडला तर उद्या कामावर सुटेल. जाताना हे टाकून देशील भंगारवाल्याकडे?”

“देतो की. कपात अजून थोडा चहा मिळाला तर अख्खं ग्रिल टाकून येतो.”

“तेच म्हणतेय मी,” आतून आवाज आला.

सुट्या भागांचा दुकानदार नाकावर घसरलेल्या चष्म्यातून साहेबांकडे बराच वेळ बघत राहिला. “हे मॉडेल बंद होऊन जमाना झाला हो. बर्नर देतो, पण तो चार बोटं लांब आहे.”

“चार बोटांनी काय होतंय?”

काय होतं ते घरी गेल्यावर कळलं. बर्नर ग्रिलच्या जुन्या पत्र्याच्या पेटीत बसेना. तिरका घातला, उलटा घातला, समजावून घातला. शेवटी साहेब पुन्हा दुकानात गेले आणि नवी पेटी घेऊन आले. तिची किंमतही, नुसत्या पेटीची, निम्म्याच्या आतच होती.

इथे नोंदवलं पाहिजे की साहेबांनी बर्नरचा खर्च पेटीच्या खर्चात मिळवला नाही. बर्नरचं प्रकरण निकाली निघालं होतं. पेटी हे स्वतंत्र प्रकरण. ही युक्ती एखाद्या गाडीमालकाने केली असती, दार वेगळं, बॉनेट वेगळं, इंजिन वेगळं असं दाखवलं असतं, तर साहेबांनी त्याला उभ्या उभ्या घाम फोडला असता. स्वतःच्या अंगणात मात्र ती युक्ती त्यांना दिसली नाही. सकाळच्या उन्हात नव्या पेटीचा पत्रा इतका शांत चमकत होता की त्यात आकाश दिसत होतं, आणि आकाशात बघणाऱ्याला बेरीज सुचत नाही.

जुन्या पेटीवर फुली पडली. पिपाणी ती बगलेत मारून घेऊन गेला.

नव्या पेटीत जुनी जाळी बसेना. जाळी आली, जुनी जाळी फुली लावून गेली. नवी पेटी जड निघाली. तिच्या भाराने जुना स्टँड गुडघ्यात वाकला. बायको म्हणाली, “बघा, त्याचेही गुडघे गेले. त्याला तरी ऊन मिळत होतं रोज.” नवा स्टँड आला. जुन्या स्टँडच्या कण्याला उजवं चाक गंजून असं चिकटलं होतं की निघता निघेना, म्हणून ते स्टँडबरोबरच गेलं आणि त्याच्या जागी नवं आलं. डावं चाक मात्र साहेबांनी पहिल्याच दिवशी नीट केलं होतं. ते मोठ्या अभिमानाने नव्या स्टँडला बसलं.

“साहेब, एक सांगू?” दुकानदार एका शनिवारी म्हणाला. “माझ्याच पोटावर पाय आणून सांगतोय. नवीन ग्रिलच घ्या ना. स्वस्तात पडेल.”

“मला नवीन नकोय. आहे तेच नीट करायचंय.”

“आहे त्यातलं आता काय काय आहे?”

साहेबांनी जरा विचार केला. “झाकण आहे. एक चाक आहे.”

दुकानदाराने चष्मा वर सरकवला. “झाकणाची बिजागरी नव्या पेटीला लागणार नाही.”

त्या संध्याकाळी साहेब झाकणासमोर बादली पालथी घालून बराच वेळ बसले. झाकण जमिनीवर होतं. आतल्या बाजूला धुराने आपोआप काढलेले डोंगर होते, एक नदीसारखी रेघ होती, आणि कडेला एका लहान हाताचा ठसा होता, पाचही बोटांचा. मुलीचा. त्यांनी झाकणाजवळ नाक नेलं. धूर, जळकं कणीस, पावसाळी लोखंड.

“काय झालं?” बायको मागे येऊन उभी राहिली.

“काही नाही. पाहणी चाललीय.”

“मग काय ठरतंय?”

साहेब ठशाकडे बघत राहिले. तिने वाट पाहिली. मग ती हलकेच म्हणाली, “आठवणींचा विमा नसतो, असं कोण म्हणायचं हो?”

पुढच्या प्रकरणाला मंजुरी मिळाली. एरवी साहेबांची फुली ठसठशीत, वीतभर असे. झाकणावरची फुली त्यांनी आतल्या बाजूला मारली, ठसा चुकवून, कोपऱ्यात, लिंबाएवढी. पिपाणीने झाकण उचललं आणि या वेळी काही थट्टा केली नाही. गेटातून जाताना तो ते डोक्यावर धरून चालला होता. लांबून बघणाऱ्याला एक काळं कासव गल्लीतून सावकाश निघाल्यासारखं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना जुन्या बोल्टचा डबा सापडेना.

“तो खिळ्यामोळ्यांचा डबा कुठे गेला?”

“मला काय माहीत? टाकला असेल,” बायको भाजी निवडत म्हणाली. “नवीन आणलेत ना सगळे?”

मुलगी शनिवारी आली. रविवारी संध्याकाळी साहेबांनी अंगण झाडलं, पाणी शिंपडलं, पालथी बादली योग्य जागी ठेवली. एखादं प्रदर्शन उघडावं तसं त्यांनी ग्रिलवरचं कापड काढलं आणि कळ फिरवली. टक. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निळी, सरळ, शिस्तीची ज्योत. एक पिवळी जीभ नाही.

“अय्या, छान आहे!” मुलगी म्हणाली. “नवीन घेतलं?”

बायकोने आकाशाकडे बघितलं.

“नवीन नाही,” साहेब म्हणाले. “दुरुस्त केलंय. आपलंच आहे. जुनं.”

मुलीने ग्रिलभोवती एक चक्कर मारली. चालण्याची तऱ्हा थेट वडिलांची होती. “कुठलं जुनं?” तिने विचारलं, अगदी निष्पाप.

“चाक,” साहेब म्हणाले.

“पेटलं, हे मात्र खरं,” बायकोने कबुली दिली. “हरले मी. कोपरा तुमचा.” ती हे इतक्या सहज म्हणाली की साहेबांनी कामाच्या सवयीने तिच्याकडे एकदा निरखून पाहिलं. नुकसान सहज कबूल करणारा मालक त्यांनी आजवर बघितला नव्हता.

बटाटे धुऊन तयार होते. तेवढ्यात नव्या पेटीवरचा रंग तापला आणि अंगणभर वास सुटला. तो वास कुठल्याही संध्याकाळचा नव्हता. गाड्यांच्या शोरूमचा होता. बरोबर आलेल्या कागदावर लिहिलं होतं की पहिले काही तास ग्रिल रिकामंच पेटवावं, अन्न ठेवू नये. मुलगी नाकाला ओढणी लावून आत गेली. साहेब एकटे त्या निळ्या ज्योतीसमोर उभे राहिले. ज्योत अतिशय सुंदर होती आणि तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

फोन वाजला. पिपाणी होता. “ताई, बटाटे कणसं जे काय असेल ते घेऊन सगळे इकडेच या. गच्चीवर. आत्ता.”

“याला कसं कळलं बटाट्यांचं?” साहेबांनी विचारलं.

“त्याला वासावरून कळतं,” म्हणून बायको चपला घालायला लागली.

गच्चीवर उजेड मावळतीचा होता, सगळ्या वस्तूंना मऊ करणारा. कठड्याजवळ काहीतरी काळं, बुटकं, एका बाजूने विटांवर टेकलेलं उभं होतं आणि त्याच्यातून निळसर धूर निघत होता, न घाई करता. साहेब जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबले. स्टँडच्या सरळ केलेल्या पायावर पिवळी फुली होती. पेटीवर फुली. जाळीच्या कडेला फुली. बोल्टसुद्धा ओळखीचे होते.

“बाबा!” मुलगी ओरडली. “हे आपलं ग्रिल! मामा, हे तुझ्याकडे कसं आलं?”

“शपथेवर सांगतो, टाकायलाच निघालो होतो,” पिपाणी दोन्ही हात वर करून म्हणाला. “पण तो बर्नर हातात. नळीच ना ती. भंगारवाल्याच्या दारात सहज म्हणून फुंकली, तर आतून कोळ्याचं जाळं आलं बाहेर. हे एवढं, कापसासारखं. कोळीबिळी कोणी नव्हता, बिऱ्हाड हलवून गेला असेल. मग म्हटलं, अडकलं होतं ते हेच तर नाही? भाऊजी, पेटी, स्टँड, तुम्ही एकेक देत गेलात. नाही कसं म्हणणार?”

“म्हणजे बर्नर गेला नव्हता,” साहेब सावकाश म्हणाले.

“फुंकायला हवा होता फक्त.”

“आणि मला कोणी सांगितलं नाही.”

“तुम्ही फुली मारली होती ना,” बायको म्हणाली. “नियमाप्रमाणे जगातून उठलं होतं ते.” तिने पुढे होऊन झाकण उघडलं. डोंगर, नदी, लिंबाएवढी फुली आणि पाच बोटं. मुलीने आपला हात त्या ठशाजवळ नेला; ठसा तिच्या तळव्यातच मावला. मग तिने इकडेतिकडे बघितलं, कोपऱ्यातली बादली आणली, पालथी घातली आणि तिच्यावर बसली. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

बटाटे आतून कच्चे राहिले. कणसांचा कोळसा झाला. झाकण उघडमीट करताना बायकोच्या नाकाला काजळी लागली. पिपाणीने साहेबांकडे बघितलं, साहेबांनी मुलीकडे, आणि कोणीही काही बोललं नाही. “का हसताय? काय झालंय?” असं विचारत विचारत बायकोला उचकी लागली. धूर कठड्यावरून पलीकडे गेला. वीज गेली नव्हती, पण साहेबांनी जिन्यातला दिवा मालवून टाकला.

खाणं आटोपल्यावर निकालाचा प्रश्न निघाला.

“पैज काय होती आई?” मुलीने विचारलं. “जुनं ग्रिल पेटलं तर कोपरा त्याचा. मग जुनं कुठलं? तिथलं की इथलं?”

“तिथलं,” साहेब म्हणाले. “दुरुस्तीत भाग बदलतातच. गाडीचं दार बदललं म्हणून गाडी बदलत नाही. माझ्याकडच्या ग्रिलमध्ये पहिलं चाक शाबूत आहे.”

“मग हे काय आहे?”

साहेबांनी ग्रिलकडे पाहिलं. ते विटांवर रेलून धुमसत होतं, जेवून सुस्तावलेल्या माणसासारखं. त्यांच्याच हातच्या पिवळ्या फुल्या उजेड संपल्यावरही दिसत होत्या.

“हे...” ते म्हणाले.

“जुनं हेच असेल,” बायको म्हणाली, “तर ते कोपऱ्यातून केव्हाच गेलंय. जागा रिकामी. जुनं ते असेल, तर आज आपण जेवलो ते कशावर?”

पिपाणी घसा खाकरत पुढे आला. “भाऊजी, एक मागू? रागवायचं नाही. विटांवर डुगडुगतंय हे. ते डावं चाक दिलंत, तर आमचं पूर्ण होईल.”

चाक दिलं, तर अंगणात जे उभं राहील त्यात जुनं काही उरणार नव्हतं; ते नुसतंच महाग पडलेलं नवं ग्रिल होणार होतं, आणि कोपऱ्यावरचा त्याचा हक्कही जाणार होता. चाक नाही दिलं, तर ती संध्याकाळ तशीच विटांवर टेकून राहणार होती.

“पाहणी करून सांगतो,” साहेब म्हणाले.

मुलगी बुधवारी गेली. निघताना तिने गच्चीवरच्या झाकणाचा आतून फोटो काढून नेला.

शेवटची बातमी आली तेव्हा परिस्थिती अशी होती. अंगणातल्या ग्रिलचं डावं चाक निघालेलं आहे आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर, वर्तमानपत्रावर ठेवलेलं आहे. शेजारी पिवळ्या रंगाचा डबा उघडा आहे. साहेब ब्रश हातात घेऊन बसले आहेत आणि ब्रशावरचा रंग वाळत चालला आहे. ग्रिल पुन्हा डावीकडे कललं आहे. त्यामुळे कोपऱ्यात वीतभर जागा मोकळी झाली असून, वेताच्या खुर्चीचे पुढचे दोन पाय तिथे पोचले आहेत. ऊन अजून यायचं आहे.